आपले प्रश्न, आमची उत्तरे : मध्य अमेरिकेतील आदिवासी

मेक्सिको आणि कोलंबिया यांच्यामधल्या चिंचोळ्या भूभागात ग्वातेमाला, बेलीझ, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा, कोस्टा रिका आणि पनामा हे सात देश येतात. गेल्या अंकात या देशांची तोंडओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर तेथील आदिवासी समाजांविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे आली. त्यांतील मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

माया संस्कृती हजार वर्षांपूर्वी अचानक लुप्त झाली असे आम्ही शाळेत शिकलो. २०१२ साली तर त्यांच्या दिनदर्शिकेप्रमाणे जगबुडी होणार म्हणून वाहिन्यांनी उच्छाद मांडला होता. तुमच्या लेखात मात्र माया लोकांविषयी वर्तमानकाळात लिहिले आहे. हे कसे? (एक वाचक, सातारा)

ओस पडली ती नगरे. माणसे कोठेही गेली नाहीत. ग्वातेमालाच्या उत्तरेकडील सखल अरण्यातल्या टिकालसारख्या नगरांची सत्ता नवव्या शतकात ढासळत गेली. टिकाल येथील शेवटच्या दिनांकित शिलास्तंभावर इ. स. ८६९ची तारीख आहे. दीर्घ अवर्षणे आणि राज्याराज्यांतल्या लढाया अशी एकाहून अधिक कारणे अभ्यासक त्यामागे मानतात. तथापि मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पात आणि ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात माया राज्ये पुढेही नांदत होती. त्यांपैकी शेवटचे, पेतेन इट्झा सरोवरातल्या बेटावरचे इट्झांचे राज्य, स्पॅनिशांच्या हाती पडले ते १६९७च्या मार्च महिन्यात, म्हणजे राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते त्या काळात.

ग्वातेमालाच्या २०१८च्या जनगणनेत सुमारे ४४ टक्के लोकांनी आपण आदिवासी असल्याचे नोंदवले, आणि त्यांतील ६० लाखांहून अधिक लोक माया आहेत. देशात २२ माया भाषांना मान्यता आहे. त्यांपैकी किचे आणि केक्ची या भाषा बोलणारे प्रत्येकी दहा लाखांहून अधिक आहेत. या भाषा एकाच कुळातल्या असल्या, तरी दोन टोकांच्या गावांतली माणसे एकमेकांशी बोलताना पुष्कळदा स्पॅनिशचा आधार घेतात.

दिनदर्शिकेचे म्हणाल, तर २१ डिसेंबर २०१२ रोजी ‘दीर्घगणना’ या माया कालगणनेतला एक मोठा कालखंड संपून दुसरा सुरू झाला, इतकेच. जगबुडी ही वाहिन्यांची भर होती. डोंगरातल्या गावांत प्रत्यक्ष वापरात आहे ती २६० दिवसांची वेगळी गणना. वीस दिवसांची नावे आणि एक ते तेरा हे आकडे यांची सांगड फिरत राहते, आणि २६० दिवसांनी तीच जोडी पुन्हा येते. ही गणना सांभाळणाऱ्यांना ‘आखकिख’ म्हणतात. मोमोस्तेनांगोसारख्या गावी लग्नाचा दिवस, पेरणी, आजारपण, मुलाचा स्वभाव अशा नाना गोष्टींसाठी लोक त्यांच्याकडे जातात. तेथे देवापुढे राळेचा धूप जळतो, रंगीत मेणबत्त्या लागतात, आणि त्याच मंडळींची पावले पुढे चर्चकडेही वळतात. यात विसंगती आहे असे त्यांना वाटत नाही.

मात्र ‘आजही टिकून आहेत’ एवढे म्हणून हा विषय सोडता येत नाही. १९६० ते १९९६ या काळात ग्वातेमालात यादवी युद्ध चालले. १९९९ साली सत्यशोधन आयोगाने दिलेल्या अहवालानुसार त्यात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. १९८१ ते १९८३ या काळात काही माया भागांत लष्कराने केलेल्या कत्तली वंशसंहाराच्या व्याख्येत बसतात, असा स्पष्ट निष्कर्ष आयोगाने काढला. त्या काळातले लष्करशहा एफ्राइन रिओस माँत यांना २०१३च्या १० मे रोजी ८० वर्षांची शिक्षा झाली, आणि दहा दिवसांतच तेथील घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ज्यांच्या गावांची राखरांगोळी झाली, त्या स्त्रियांनी न्यायालयात उभे राहून दिलेल्या साक्षी मात्र नोंदीत कायम आहेत.

अलीकडची घटना याहून वेगळी आहे. २०२३च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बेर्नार्दो आरेवालो विजयी झाले, आणि तो निकाल निष्प्रभ करण्याचा खटाटोप सरकारी वकिलांच्या कार्यालयातून सुरू झाला. तेव्हा ऑक्टोबरमध्ये देशभरचे रस्ते रोखून धरण्यात पुढाकार घेतला तो तोतोनिकापान येथील ‘४८ कांतोनेस’ या किचे माया ग्रामसंघटनेने. या संघटनेचे पदाधिकारी गावसभेतून वर्षभरासाठी निवडले जातात, आणि त्यांना पगार नसतो. एरवी गावचे पाणी आणि सामाईक जंगल राखणे हे त्यांचे काम. आरेवालोंचा शपथविधी जानेवारी २०२४ मध्ये पार पडला.

गरिफुना लोकांची छायाचित्रे पाहिली. ते आफ्रिकी वंशाचे दिसतात. मग त्यांना मध्य अमेरिकेतील आदिवासी कसे म्हणायचे? (एक वाचक, मालवण)

प्रश्न रास्त आहे, आणि खुद्द त्या देशांतही यावर वाद झडतात. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर सतराव्या शतकात आफ्रिकी लोक तेथील मूळच्या कालिनागो समाजात मिसळले, आणि त्यातून जो समाज घडला तो गरिफुना. त्यांची भाषा आफ्रिकेतली नाही. ती दक्षिण अमेरिकेतल्या आरावाक कुळातली आहे. फ्रेंचांशी शेजार होता, म्हणून चारपासून पुढचे आकडे फ्रेंचमधून आलेले आहेत.

इंग्रजांना त्यांची जमीन उसासाठी हवी होती. १७९५ साली गरिफुनांचा नायक शातोये लढाईत पडला, आणि वर्षभराने प्रतिकार संपला. हजारो बंदी बालिसो नावाच्या ओसाड बेटावर कोंडण्यात आले आणि तेथे त्यांच्यापैकी निम्मे रोगराईने मेले. उरलेल्या दोन हजारांवर लोकांना जहाजांत भरून १२ एप्रिल १७९७ रोजी होंडुराससमोरच्या रोआतान बेटावर सोडून देण्यात आले. तेथून ते किनाऱ्याकिनाऱ्याने होंडुरास, ग्वातेमाला, बेलीझ आणि निकाराग्वा अशा चार देशांत पसरले. त्यामुळे आजच्या राष्ट्रीय सीमा त्यांच्या नकाशावर फार उशिरा आल्या. ग्वातेमालातल्या लिव्हिंग्स्टनचा माणूस बेलीझमधल्या डँग्रिगाला सोयरीक करतो, तेव्हा तो परदेशी मुलगी करतो आहे असे कोणी मानत नाही. युनेस्कोने २००१ साली त्यांची भाषा, नृत्य आणि संगीत यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला, तोही या चारही देशांतल्या समाजाला मिळून.

आपण मालवणचे, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्याच्या कडू जातीची गरिफुना भाकरी करतात, आणि तिला ‘एरेबा’ म्हणतात. कडू कसाव्यात विषारी द्रव्य असते. म्हणून कंद सोलून, धारदार खडे बसवलेल्या लाकडी पाटावर किसतात, आणि तो ओला कीस ‘रुगुमा’ या माणसापेक्षाही लांब, वेताने विणलेल्या नळीत ठासून भरतात. नळीचे वरचे टोक आढ्याला अडकवतात आणि खालच्या टोकाला वजन देतात. नळी ताणली की आपोआप आवळते, आणि विषारी रस खाली निथळतो. उरलेले पीठ चाळून मोठ्या तव्यावर पातळ पसरून भाजले, की ती भाकरी महिनोन्‌महिने टिकते. हे काम बहुतेक ठिकाणी बायका मिळून करतात, आणि किसताना म्हणायची त्यांची गाणीही आहेत. नारळाच्या दुधातली मासळी आणि कुटलेली केळी हे त्यांचे दुसरे आवडते जेवण, ‘हुदुत’. ते मात्र आपल्याला मुळीच परके वाटणार नाही.

पनामातील गुना आदिवासींच्या ध्वजावर स्वस्तिक आहे. याचा अर्थ आपले पूर्वज तेथपर्यंत पोहोचले होते असा घ्यावा काय? (एक वाचक, ठाणे)

नाही. स्वस्तिकाची आकृती जगाच्या अनेक भागांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या समाजांनी काढली आहे. एका चिन्हावरून समुद्रापलीकडच्या प्रवासाचा निष्कर्ष काढायचा, तर त्याला भाषा, धान्य, भांडी, काहीतरी दुसरा पुरावा हवा, आणि तो नाही. गुनांमध्ये या आकृतीचा संबंध सृष्टी निर्माण करणाऱ्या अष्टपादाशी (ऑक्टोपसशी) जोडला जातो. त्या ध्वजाची खरी हकीकत याहून रोचक आहे.

पनामा देश १९०३ साली कोलंबियापासून वेगळा झाला, आणि काही वर्षांत नव्या सरकारने कॅरिबियन किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणाऱ्या गुनांना ‘सुधारण्या’चा चंग बांधला. बेटांवर पोलीस ठाणी आली. बायकांच्या नाकातली सोन्याची नथ, हातापायांतले मण्यांचे बाजूबंद आणि त्यांचा पारंपरिक पोशाख यांवर बंदी आली, आणि पाश्चात्य नाचाचे क्लब काढून त्यात मुलींना सक्तीने नाचवले जाऊ लागले. फेब्रुवारी १९२५ मध्ये नेले कान्तुले आणि सिमराल कोलमन यांच्या नेतृत्वाखाली गुनांनी उठाव केला आणि बेटांवरच्या पोलिसांवर हल्ले केले. त्यात माणसे मेली. पनामा कालव्यामुळे अमेरिकेचे त्या भागात लक्ष होतेच. अमेरिकी युद्धनौकेवर ४ मार्च रोजी तह झाला, आणि आपल्या रीतीने राहण्याचा गुनांचा हक्क सरकारला मान्य करावा लागला. स्वस्तिकाचा ध्वज हा त्या उठावाचा ध्वज आहे. दर फेब्रुवारीत बेटाबेटांवर त्या लढ्याचे प्रसंग करून दाखवतात, तेव्हा तो लावला जातो. हिटलरशी त्याचा काहीही संबंध नाही.

१९३८ साली या प्रदेशाला ‘कोमार्का’, म्हणजे स्वायत्त आदिवासी प्रदेशाचा दर्जा मिळाला. आज त्याला गुना याला म्हणतात. प्रत्येक गावात एक मोठे सभागृह असते, आणि तेथील सभा आजही भरते. मधोमध टांगलेल्या झोळ्यांत ‘साइला’, म्हणजे गावप्रमुख, पहुडलेले असतात. भोवती बाकांवर गाव बसते. मुख्य साइला पूर्वजांची कथा गाऊन सांगतो, आणि दुसरा साइला प्रत्येक कडव्याला होकार भरतो. गाण्याची भाषा रोजच्या बोलण्याहून जुनी आणि रूपकांनी भरलेली असते, म्हणून मग ‘अर्गार’ नावाचा अधिकारी उभा राहून तिचा अर्थ आजच्या व्यवहाराला लावून समजावतो. दिवसभर दमलेली माणसे मध्येच पेंगतात, म्हणून गावचे रखवालदार अधूनमधून मोठ्याने ओरडून त्यांना जागे ठेवतात. आपल्याकडच्या ग्रामसभांतही अशी एखादी नेमणूक करायला हरकत नाही. याच सभेत भांडणे मिटतात, बाहेरगावी जाण्याची परवानगी मिळते आणि पर्यटकांचे काय करायचे तेही ठरते.

आमच्या जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तशी जमीन गावाच्या नावावर करण्याची पद्धत त्या देशांत आहे काय, आणि ती कितपत चालते? (एक वाचक, गडचिरोली)

आलेल्या सर्व पत्रांत हा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला, कारण पोशाख, सण, भाषा यांविषयी जे काही विचारले गेले, त्याचे उत्तर शेवटी जमिनीपाशीच येऊन थांबते.

पद्धत आहे, आणि तिला कायद्याचे बळ देणारा गाजलेला निकाल निकाराग्वातला आहे. आवास तिंग्नी हे मायांग्ना आदिवासींचे छोटे गाव. सरकारने त्यांना न विचारता सुमारे ६२ हजार हेक्टर जंगलाची तोड एका परदेशी कंपनीला दिली. जमिनीचा कागद नाही, म्हणून जमीन सरकारची, असा सरकारचा युक्तिवाद होता. प्रकरण अमेरिका खंडातील देशांच्या मानवाधिकार न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २००१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या सामाईक वहिवाटीतून मालकी हक्क निर्माण होतो, आणि तो नोंदवून देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय हक्क नाही, असे मानण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना या निकालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्यानंतर निकाराग्वाने २००३ साली ‘कायदा क्रमांक ४४५’ लागू केला, ज्यात सामाईक जमिनीची मोजणी, नोंद आणि अतिक्रमण हटवण्याची प्रक्रिया ठरवून दिली. आवास तिंग्नीच्या हाती २००८च्या अखेरीस सुमारे ७३ हजार हेक्टरांचा दाखला पडला.

आणि येथून पुढे गोष्ट बिघडते. दाखला मिळाला, हद्दी आखल्या, पण अतिक्रमण हटवण्याचे शेवटचे कलम कागदावरच राहिले. गुरे चारण्यासाठी, सोन्यासाठी, लाकडासाठी बाहेरची माणसे त्या जंगलात शिरत राहिली आणि २०१५ पासून मिस्कितो आणि मायांग्ना गावांवर सशस्त्र हल्ले होऊ लागले. कितीतरी कुटुंबे सीमेची कोको नदी ओलांडून होंडुरासमध्ये गेली, जेथे त्यांचेच मिस्कितो भाऊबंद राहतात. कोस्टा रिकाचेही तसेच आहे. शांततेचा देश म्हणून त्याचा लौकिक आहे. तेथील १९७७चा कायदा आदिवासींची जमीन अहस्तांतरणीय ठरवतो, आणि तरीही अनेक प्रदेशांतली मोठी जमीन बिगरआदिवासींच्या ताब्यात आहे. तेथील ब्रीब्री या आदिवासी समाजात कुळ आईकडून चालते आणि जमीनही त्याच वाटेने जाते. ती परत मिळवण्यासाठी लढणारे त्यांचे नेते सेर्खिओ रोखास यांची मार्च २०१९ मध्ये त्यांच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली.

होंडुरासमधील लेंका समाजाच्या बेर्ता कासेरेस यांचे नाव आपण वाचले असेल. ग्वाल्कार्के नदीवर आग्वा सार्का हे धरण गावांची संमती न घेता होऊ घातले होते. त्याविरुद्ध उभारलेल्या आंदोलनासाठी त्यांना २०१५ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०१६ मध्ये त्यांची हत्या झाली. धरण उभारणाऱ्या कंपनीच्या माजी प्रमुखाला पुढे या हत्येच्या कटात शिक्षा झाली. लेंकांची स्वतःची भाषा व्यवहारातून गेलेली आहे. तरी नदीवरचा हक्क सांगताना ते कोणाहून कमी आदिवासी ठरत नाहीत, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आता एक विरोधाभास पाहा. आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९चा करार क्रमांक १६९ होंडुरास, ग्वातेमाला, कोस्टा रिका आणि निकाराग्वा यांनी मान्य केला आहे. पनामाने तो मान्य केलेला नाही. (भारतानेही नाही. आपण १९५८ साली स्वीकारलेल्या जुन्या १०७ क्रमांकाच्या करारावरच थांबलो आहोत.) आणि तरीही जमीन हाती राखण्याच्या बाबतीत पनामातले आदिवासी शेजाऱ्यांच्या पुढे आहेत. गुना यालानंतर एम्बेरा-वौनान, न्गोबे-बुग्ले अशी एकेक करून स्वायत्त क्षेत्रे तेथे झाली, आणि सर्वांत अलीकडचे नासो समाजाचे क्षेत्र २०२० साली कायद्याने घोषित झाले. खाणी आणि धरणे यांवरून तेथेही संघर्ष आहेतच. आमचे मत विचाराल तर करारापेक्षा गावाची स्वतःची सभा रोज चालू आहे की नाही, यावर जास्त अवलंबून असते. जेथे ती चालते तेथे घुसखोराला पहिल्या दिवशी हटकणारे कोणीतरी असते. मेंढ्याच्या लोकांना हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

एल साल्वादोरमधील आदिवासींविषयी लेखात एकच ओळ होती. तेथे आदिवासी नाहीत काय? (एक वाचक, नागपूर)

आहेत, पण दिसत नाहीत, आणि ते दिसू नयेत अशी व्यवस्था झाली होती. जानेवारी १९३२ मध्ये कॉफीच्या मळ्यांच्या भागात, इसाल्को आणि नाविसाल्को येथे, शेतमजुरांचा उठाव झाला. सामाईक जमिनी मळेवाल्यांकडे गेल्या होत्या, आणि जागतिक मंदीत मजुरीही घसरली होती. उठाव काही दिवसांत मोडला गेला. त्यानंतर लष्कराने आदिवासी दिसेल त्याला मारले. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. इसाल्कोचे पुढारी फेलिसियानो आमा यांना फाशी दिले गेले. पुढे लोकांनी मुलांशी ‘नावात’ या आपल्या भाषेत बोलणे सोडले, पोशाख पेटीत ठेवले. देशाच्या घटनेत आदिवासींचा उल्लेख आला तो २०१४ साली. ‘नावात’ भाषा येणारी माणसे आज मोजकी आणि वयस्क आहेत. सान्तो दोमिंगो दे गुस्मान या गावी त्यांच्यातल्याच आज्या बालवाडीच्या मुलांना ती भाषा शिकवतात.

गुना बायकांच्या ‘मोला’ या कापडी कलेचे नमुने पाहिले. मी गोधड्या शिवते. मोला कसा करतात, आणि तो विकत घ्यायचा तर काय पाहावे? (एक वाचक, कोल्हापूर)

आपल्या हाताला हे काम लगेच उमगेल, फक्त दिशा उलटी आहे. गोधडीत आपण वरून तुकडे जोडत जातो, तर मोलात वेगवेगळ्या रंगांची दोन-तीन किंवा अधिक कापडे एकावर एक टाचून वरचे कापड कापत जातात, म्हणजे खालचा रंग उघडा पडतो. कापलेली कड सुईच्या टोकाने आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवायची, आणि मग पुढचा थर कापायचा. मोला हा मुळात पोलक्याचा भाग असतो. पोटावर एक आणि पाठीवर एक अशी त्यांची जोडी करतात, आणि दोन्हींत एकच कल्पना किंचित फरकाने येते. जुने लोक अंगावर रंगाने ज्या आकृत्या काढत, त्या व्यापाऱ्यांचे कापड मिळू लागल्यावर पोशाखावर उतरल्या. म्हणून मोला फार पुरातन नाही, आणि त्याचे त्यांना वावडेही नाही. चक्रव्यूहासारख्या भौमितिक आकृत्यांच्या शेजारी विमान, निवडणुकीची निशाणी, काड्यापेटीवरचे चित्र असे काहीही त्यात येते.

घेताना उलट बाजू पाहावी. टाके बारीक, एकसारखे आणि कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याचे असावेत. रेषांची रुंदी सर्वत्र सारखी असावी, आणि मोकळ्या जागा नुसत्या त्रिकोणी ठिगळांनी भरलेल्या नसाव्यात. पोलक्यातून उसवलेला, थोडा विटलेला मोला मिळाला तर तो वापरात होता याची खूण समजून आनंदाने घ्यावा. यंत्रावर छापलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत. पनामाने २००० साली ‘कायदा क्रमांक २०’ करून अशा पारंपरिक कलांवरचा हक्क एका व्यक्तीऐवजी साऱ्या समाजाच्या नावे नोंदवण्याची सोय केली, आणि मोलाची नोंद त्याखाली झाली. ग्वातेमालातल्या माया विणकर स्त्रियाही आपल्या ‘विपिल’च्या नक्षीसाठी, म्हणजे कमरेला बांधायच्या मागावर विणलेल्या झग्यांच्या नक्षीसाठी, अशाच कायद्याची मागणी करीत आहेत. २०१७ साली तेथील घटनात्मक न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकून तसा कायदा करण्याविषयी संसदेला सुचवले.

प्रत्यक्ष गुना यालाला जाण्याचा योग आलाच, तर प्रवेशाचे शुल्क त्यांच्या हद्दीवरच भरावे लागते आणि बाईचे छायाचित्र घेण्याआधी तिला विचारावे लागते. गार्दी सुग्दुब हे दाटीवाटीचे बेट समुद्र वर चढत असल्याने जून २०२४ मध्ये बऱ्याच अंशी रिकामे झाले, आणि सुमारे ३०० कुटुंबांना मुख्य भूमीवरच्या इस्बेर्याला या नव्या वसाहतीत घरे मिळाली. जुन्या प्रवासपुस्तकातला पत्ता धरून तेथे मोला शोधायला जाऊ नये.